नव्या पडद्याचे सहा आठवडे

सोमवार, ३ जून

आज आलेलं सामान: मोठं खोकं एक, तळहाताएवढं खोकं एक, जाड वायरी तीन, फोमचे तुकडे पोतंभर, भाऊजींचं पत्र एक. किंमत: काही नाही. वाहतूक भाऊजींच्या कचेरीने भरली. आमच्याकडून गेलं ते एवढंच: खोकं आणणाऱ्या दोघांना चहा, आणि दारातून खोकं शिरेना म्हणून दार काढावं लागलं, ते परत बसवायचे सुताराला पन्नास.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. वाचनालयांच्या मोठ्या कचेरीत खरेदीचं बघतात. आजूबाजूच्या गावांत मिळून त्यांची एकोणीस वाचनालयं, आणि त्यांत तीनशे चाळीस मॉनिटर. सगळे एलसीडी. चौदा वर्षं त्यांची दुरुस्ती हेच करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि आमचं सगळं चालतं ते त्या तीनशे चाळिसांवर.

पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. "दादा, सोबत नवा ओएलईडी पडदा पाठवतोय. जुन्याच्या शेजारी ठेवून सहा आठवडे चालव, आणि हा एलसीडीची जागा घेऊ शकेल का ते लिहून दे. समितीला तुझ्याइतका दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. तू हो म्हणालास तर सगळे बदलू."

"आणि नव्यांची दुरुस्ती?" मी विचारलं.

"ती कंपनीच करते. ह्यात आपल्याला हात घालण्यासारखं काही नसतं."

म्हणजे ज्या फांदीवर बसलोय ती तोडायला योग्य झाली का, हे फांदीवर बसलेल्यालाच विचारलंय. भाऊजी मनाने वाईट नाहीत, पण कधी कधी शहाणा माणूसच असला घोळ घालतो.

मंगळवार, ४ जून

दोन्ही पडदे शेजारी शेजारी मांडले. ह्यांनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. जुन्यात म्हणे पाठीमागे एक मोठा दिवा आणि पुढे लाखो बारीक झडपा. काळं दाखवायचं तर झडप मिटायची. पण उजेड फटीतून झिरपतोच, म्हणून जुन्याचा काळा म्हणजे धुऊन विटलेला काळा. नव्यात पाठीमागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा. काळं हवं असेल तिथला ठिपका विझून जातो.

"म्हणजे ज्या खोलीत कुणी नाही तिथला दिवा बंद," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तीस वर्षांत कुणाला इतक्या लवकर कळलं नाही गं."

"मला नाही कळणार तर कुणाला? तुमच्या मागे दिवे बंद करत फिरण्यात माझा जन्म गेला."

लहान खोक्यात तिसराच प्रकार निघाला, मायक्रोएलईडी. त्यातही प्रत्येक ठिपका आपापला दिवा, पण दिवे टिकाऊ. नुसता नमुना आहे, काडेपेटीएवढा. "हा मोठा झाला की सगळ्यांना भारी पडेल," हे म्हणाले, "पण अजून रांगतोय. मोठ्या पडद्याएवढा घ्यायचा तर घर विकावं लागेल." मी तो कपाटात ठेवून दिला. घर विकायला लावणारी वस्तू डोळ्यांसमोर नको.

गुरुवार, ६ जून

आज ह्यांनी माझ्यासाठी जे केलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे भांडण झालं की वाचता येईल.

आईकडचं देवाचं चित्र माझ्याकडे आहे. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त चेहरा. काच तडकलेली, रंग उडालेला. ह्यांनी गुपचूप त्याचा फोटो काढला, काय काय साफ केलं कोण जाणे, आणि संध्याकाळी खिडक्या लावून म्हणाले, "डोळे मिट." उघडले तर नव्या पडद्यावर देव. भोवती गडद काळोख, पडद्याची कडासुद्धा दिसत नव्हती, आणि मधोमध तो चेहरा. जणू एकच दिवा लावलेल्या गाभाऱ्यात उभी आहे. आई ज्या चित्रापुढे बसायची ते असं दिसत असणार, पन्नास वर्षांपूर्वी.

मी हात जोडले. हे म्हणाले, "जुन्यावर हा काळा आला नसता."

मग लगेच नाक पुसत (सर्दी नव्हती) वायरी आवरायला लागले.

सोमवार, १० जून

रोजचा क्रम ठरला. हे दहाला फेरीवर निघतात, सहाला येतात. तोवर दोन्ही पडद्यांवर कंपनीने दिलेली चित्रं आपोआप पुढे सरकत राहतात: फुलं, समुद्र, रंगाच्या पट्ट्या, पांढरंफेक पान. वीज मोजायचं यंत्र प्लगला लावलंय. दर दोन तासांनी आकडा वेगळ्या वहीत लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर चांगलं आहे म्हणून.

जुना एकतीस वॅटच्या आसपास असतो, काही दाखवा. नवा मात्र लहरी. समुद्राला पन्नास, पांढऱ्या पानाला पंच्याऐंशी. माझा जीव कासावीस झाला. कुणी बघत नाही त्या समुद्राला एवढी वीज? मग सहज देवाचं चित्र लावून बघितलं. एकोणीस!

मग मी विचार केला. पडदा चालू ठेवायचाय ना? चालू राहील. देवही राहील. वीजही वाचेल. हे बाहेर पडले की देव लावते, साडेपाचला परत समुद्र. तेज मात्र पूर्ण ठेवलंय. देवाच्या बाबतीत तेवढी काटकसर करायची नसते.

आकडे मात्र जसे दिसतात तसेच लिहिते. वहीत खोटं नको.

शनिवार, १५ जून

हे पडद्याचं बटण दाबतात आणि झोपायला जातात. वर एक बारीक लाल ठिपका रात्रभर जळत असतो. मी भिंतीवरचं बटणही बंद करते. लाल ठिपक्याला काय फुकट मिळते का वीज?

शनिवार, २२ जून

समोरच्या शिंपीणबाई काजांचा दोरा मागायला आल्या आणि देवापुढे अर्धा तास बसल्या. "वहिनी, तुमच्याकडे आलं की मशीनचा आवाज कानांतून जातो." पूर्वी आमच्याकडे कुणी बसायला येत नसे, दुकानात उघडे मॉनिटर आणि सोल्डरिंगच्या धुराचा वास. आता दुपारी मला सोबत असते.

हे मात्र रात्री जेवताना त्या पडद्याचंच बोलतात. कडेने बघितलं तरी रंग बदलत नाही, हालचालीत पुसट होत नाही. बोलताना चेहरा फुलतो आणि मला ते ऐकत बसावं लागतं. माझी जागा घेणाऱ्या बाईचं कौतुक माझ्याच पंक्तीला बसून ऐकावं, तसं.

"मग हो लिहिणार तुम्ही?"

"अजून तीन आठवडे आहेत."

"खोट काही सापडली?"

"अजून तरी नाही." असं म्हणाले आणि आनंदाने भात कालवला. काय म्हणावं ह्या माणसाला.

सोमवार, १ जुलै

आज लिहू नये ते लिहिते. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

काचेच्या नळीचे जड मॉनिटर गेले तेव्हा ह्यांचं वय सत्तेचाळीसही नव्हतं. रात्र रात्र पुस्तकं वाचून एलसीडी शिकले. आता साठी ओलांडली. पातळ स्क्रू हातातून निसटतात, मला उचलून द्यायला सांगतात. आता नवीन काय शिकणार? आणि शिकले तरी कंपनी हात लावू देणार नाही. दुकानाशिवाय हे काय करतील ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. मागे ताप आला तेव्हा चार दिवस घरात होते, तर माझा मिक्सर, घड्याळ आणि शिंपीणबाईंची इस्त्री उघडून बसले. इस्त्री अजून नीट नाही.

म्हणून आज देवापुढे हात जोडून म्हटलं, ह्या पडद्यात एखादी खोट निघू दे. मोठी नको. एवढीशी.

ज्या पडद्यात बसलाय त्याचीच खोट मागितली. आणि जिभेला लाज वाटली नाही.

रविवार, ७ जुलै

आज सुट्टी. ह्यांनी आकड्यांची बेरीज करायला म्हणून विजेची वही पहिल्यांदाच हातात घेतली. पाच मिनिटांचं काम, पण बराच वेळ बसले. पानं पुढे मागे केली. मग पडदा लावून कुठलंसं करडं पान काढलं आणि खिडकी लावून जवळून, लांबून बघितलं. मी भाजी निवडत होते. विचारलं, "बेरीज चुकली का माझी?"

"नाही गं. आकडे अगदी बरोबर आहेत."

थोड्या वेळाने म्हणाले, "देवाचं चित्र आवडतं ना तुला?"

"हे काय विचारणं झालं?"

"नाही, सहजच." मग उठून स्वतः चहा केला. साखर दोनदा घातली, पण केला. आणि झोपताना म्हणाले, "आजपासून भिंतीवरचं बटण राहू दे चालू."

"लाल ठिपक्यासाठी?"

"राहू दे गं."

म्हातारपणी माणूस उधळा होतो म्हणतात ते खरं. त्यांचा डोळा लागल्यावर उठून बंद केलं.

मंगळवार, ९ जुलै

आज घडलेलं नीट क्रमाने लिहायला हवं. 

साडेपाचला देव काढून कंपनीची चित्रं लावली. करडं पान आलं आणि त्या करड्यात देव दिसला. चित्र मी काढून टाकलं होतं. तरी तिथेच, तेवढाच, पुसट. कपाळ, नाक, ओठ. मी पडद्यापुढे जमिनीवर बसले. शिंपीणबाई होत्याच. त्यांनी किंकाळी फोडली, "वहिनी, देव राहिलाय! काढला तरी राहिलाय!" आणि चपला न घालता रस्त्यावर धावल्या.

पाव तासात दुकानात पंधरा माणसं. बेकरीवाले पिठाच्या हातांनी आले. एक आजी म्हणाल्या, घरातल्या बाईचं पुण्य. सगळे माझ्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मी खोट मागितली होती आणि देव स्वतः उत्तर होऊन आला होता.

सहाला हे आले. गर्दीतून वाट काढत पडद्यापाशी गेले. बघितलं. लोकांकडे वळून म्हणाले, "दमला असेल तो. आता विश्रांती घेऊ द्या." इतक्या मायेने म्हणाले की लोक पाया पडून निघून गेले.

दार लावून घेतल्यावर मी विचारलं, "चमत्कार आहे ना?"

हे माझ्या शेजारी जमिनीवर बसले. "ठिपके झिजलेत गं. ह्यात प्रत्येक ठिपका दिवा आहे ना? जो जास्त जळतो तो आधी झिजतो. एकच चित्र चार आठवडे पूर्ण तेजावर राहिलं. नीट बघ, चेहरा उजळ नाहीये. भोवतालपेक्षा मंद आहे."

नीट बघितलं. मंद होता.

"आणि हा पडदा बंद केल्यावर रात्री थोडा वेळ स्वतःची डागडुजी करतो. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू लागतं."

मी भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"पुस्तिकेत होतं. पान एक्केचाळीस. वहीत रोज एकोणीसच दिसले म्हणून रविवारी मीही वाचलं."

"रविवारी? मग रविवारीच का नाही बोललात?"

"पहिल्या संध्याकाळी तू त्याच्याकडे कशी बघत होतीस ते मी बघितलंय ना. कसं सांगणार? वाटलं, रात्रीच्या डागडुजीने निघेल हळूहळू."

मग मला सांगावं लागलं की रविवारी रात्रीही उठून मीच बटण बंद केलं होतं. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी मात्र रडले. मागितली ती खोट मिळाली, पण ती माझी निघाली.

बुधवार, १० जुलै

शिंपीणबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे हो, झिजला तर झिजला. आपल्यासाठीच झिजला ना?" 

शुक्रवार, १२ जुलै

अहवाल ह्यांनी कच्चा लिहिला, मला सुवाच्य करायला दिला. तीन पानं उतरवून झाली. चौथ्यावर हे वाक्य: "पडद्यावर आढळणारी पुसट आकृती ही माझ्या हातून झालेल्या गैरवापरामुळे उमटली आहे, ती विचारात घेऊ नये. हा पडदा एलसीडीची जागा घेण्यास योग्य आहे."

मी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही."

"का?"

"तुमच्या हातून कुठे झालं? माझ्या हातून झालं."

"चित्र मी लावलं पहिल्यांदा."

"लावलंत एक दिवस. ठेवलं मी. आणि 'योग्य आहे' म्हणजे? दुकान बंद?"

हे चष्मा पुसत राहिले. "हे बघ, जुन्या पडद्यांवर माझं पोट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मी 'नाही' लिहिलं तर म्हणतील, स्वतःसाठी खोट काढली. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ठरवलं, ओढूनताणून खोट शोधायची नाही."

"ओढूनताणून नाही, पण साधीसुद्धा शोधली नाहीत तुम्ही. नुसते प्रेमात पडलात."

"अगं, पण समोर आलेली खोट गैरवापराची आहे. वाचनालयात देवाचं चित्र कोण लावणार?"

"मग काय असतं तिथल्या पडद्यावर?"

"शोधायचं पान. वर वाचनालयाचं नाव, खाली चौकट, पुस्तकाचं नाव लिहायला."

"ते हलतं का समुद्रासारखं?"

"नाही, ते तेच असतं. सकाळपासून..." आणि हे थांबले.

मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर धीर गेला असता. "आणि संध्याकाळी कुलूप लावणारी बाई असेलच की कुणीतरी. ती जाताना भिंतीवरची बटणं बंद करत नसेल? मी असते तर केली असती. लाल ठिपके मोजून केली असती. एकोणीस वाचनालयांत माझ्यासारखी एकही बाई नाही असं तुम्ही लिहून देऊ शकता का?"

ह्यांनी चौथं पान पुढे ओढलं. मग म्हणाले, "मी चारला निघतो तिथून. बटणं कोण बंद करतं मला खरंच माहीत नाही." आणि थोड्या वेळाने, "सहा आठवडे फुलं आणि समुद्र दाखवत बसलो मी. वाचनालयाची परीक्षा घेतलीस ती तू."

"मी वीज वाचवत होते."

"तेच म्हणतोय."

ते वाक्य ह्यांनी स्वतः खोडलं. त्या जागी काय घालायचं हे मात्र ठरेना. "मी फोन करून विचारू शकतो वाचनालयांत," हे म्हणाले, "पण मला पाहिजे तसं विचारलं जाईल." तेही खरं. माझ्या मनातही उत्तर आधीच तयार आहे आणि त्याचीच मला भीती वाटते. म्हणून ठरलं की विचारायचं ते भाऊजींनी. पत्र मी लिहायचं. फोनवर भाऊजी बोलतात आणि मी हं हं म्हणते. पत्रात तसं करता येत नाही.

शनिवार, १३ जुलै

पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते.

चि. भाऊजींना,

वहिनीचा आशीर्वाद. अहवालाची चार पानं सोबत आहेत. चौथ्या पानावर निकालाची जागा मोकळी दिसेल, ती विसरलेली नाही.

पडद्यावर एक पुसट चेहरा राहिलाय. तो तुमच्या दादांनी नाही, मी केला. रोज साडेसात तास एकच चित्र ठेवलं, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं. वाईट हेतूने नाही, वीज वाचावी म्हणून. पडद्याची भरपाई मागितलीत तर देऊ, पण हे वाचल्यावर कदाचित मागणार नाही.

दादा म्हणतात पडदा उत्तम आहे. मीही म्हणते. एवढं सुंदर काळं मी जन्मात बघितलं नव्हतं. पण तो हलत्या चित्रांचा आहे, आणि रात्री त्याच्याजवळ कुणी जाऊ नये असा आहे. जिथे दिवसभर एकच पान असतं आणि संध्याकाळी कुणी काटकसरी माणूस कुलूप लावतं, तिथे तो टिकेल का, एवढाच प्रश्न आहे. लहान नमुन्याला हा त्रास होणार नाही असं दादा म्हणतात. तो स्वस्त होईल त्या दिवशी आमचं काम संपेल, आणि ते न्यायाने संपेल. पण ते आज ह्या पडद्याने संपवायचं की नाही, ते आम्ही दोघांनी ठरवणं बरं दिसत नाही.

आणखी एक सांगते, दादांना सांगू नका. हा पडदा नापास व्हावा म्हणून मी प्रार्थना केली होती. त्यामुळे माझ्या शब्दाला थोडं कमीच वजन द्या.

तरी एवढं करा. शोधायचं पान दिवसातून किती तास तसंच उभं असतं, आणि संध्याकाळी भिंतीवरची बटणं बंद होतात की नाही, हे विचारा. मुख्य ग्रंथपालांना नको, कुलूप लावणाऱ्यांना विचारा. आमच्या सोयीच्या दोन-तीन ठिकाणी नको, एकोणीसही ठिकाणी विचारा. आणि जे उत्तर येईल ते, दादांना आवडेल की मला, ह्याचा विचार न करता, तसंच्या तसं उलट टपाली कळवा.